डिलीट म्हणजे काय? डिलीट शब्दाचा मराठी अर्थ, उपयोग आणि बटण दाबण्याआधी विचारायचे चार प्रश्न

दिवसातून किमान दहा वेळा आपण जे बटण दाबतो, त्याच शब्दाबद्दल आजचा लेख आहे. तो शब्द म्हणजे डिलीट. तुम्ही म्हणाल, यात काय समजावून सांगायचंय? डिलीट म्हणजे काढून टाकणे, विषय संपला. मलाही असंच वाटायचं. पण हाच शब्द नीट न समजल्यामुळे माझ्याकडची एक गोष्ट कायमची गेली. म्हणून अर्थ तर सांगतोच, पण त्याआधी तो किस्सा ऐका.

माझी आजी मेतकूट फार छान करायची. एका दिवाळीच्या सुट्टीत मी तिला स्वयंपाकघरात बसवून व्हिडिओ काढला. हरभऱ्याची डाळ किती, उडदाची किती, तांदूळ किती, काय आधी भाजायचं, मेथ्या कधी टाकायच्या, हे सगळं ती सांगत होती आणि मध्येच मला "फोन खाली ठेव आणि हाताने कर" म्हणून दटावत होती. सहा-सात मिनिटांचा व्हिडिओ असेल. पुढच्या वर्षी आजी गेली.

काही महिन्यांनी माझ्या फोनचं स्टोरेज भरलं. सगळे फोटो आणि व्हिडिओ ऑनलाइन बॅकअपमध्ये आहेत हे मला माहीत होतं. म्हणून मी फोटोंच्या ॲपमध्ये जाऊन जुने मोठे व्हिडिओ निवडले आणि डिलीट केले. फोनमधून गेले तरी बॅकअपमध्ये राहतील, असा माझा हिशोब होता. समोर एक सूचनाही आली होती. मी ती न वाचताच ओके केलं.

वर्षश्राद्धाच्या वेळी काकूने तो व्हिडिओ मागितला. मी शोधला. फोनमध्ये नाही, बॅकअपमध्ये नाही, ट्रॅशमध्येही नाही. मी डिलीट दाबलं तेव्हा तो दोन्हीकडून गेला होता, आणि ट्रॅशची मुदतही उलटून गेली होती. आता आमच्याकडे त्यातला फक्त तीस सेकंदांचा तुकडा आहे, कारण माझ्या आतेबहिणीने तो कधीतरी स्टेटसला ठेवला होता. त्या तुकड्यात आजी उडदाच्या डाळीपर्यंत पोहोचते आणि व्हिडिओ संपतो.

ॲपने मला फसवलं नव्हतं. डिलीट या शब्दाचा त्या जागी काय अर्थ होतो, हे मीच विचारलं नव्हतं. चला तर मग, सुरुवातीपासून पाहू.

डिलीटचा मराठी अर्थ

डिलीट हे इंग्रजीतलं क्रियापद आहे. मराठीत त्याचे अर्थ असे होतात:

• काढून टाकणे
• पुसून टाकणे
• खोडणे
• वगळणे
• हटवणे

फोनची भाषा मराठी केली की बऱ्याच ॲप्समध्ये डिलीटच्या जागी "हटवा" असं दिसतं. बोलताना मात्र आपण "डिलीट कर", "डिलीट झालं" किंवा थेट "डिलीट मार" असंच म्हणतो. हा शब्द आता मराठीत चांगलाच रुळलाय.

हा शब्द मूळचा लॅटिन भाषेतला. तिथे "डेलेरे" या क्रियापदाचा अर्थ पुसून टाकणे, नष्ट करणे असा होता. याच घराण्यातला एक शब्द तुमच्या बोटाला लागलेला असू शकतो. मतदान केल्यावर बोटाला जी शाई लावतात तिला इंग्रजीत "इन्डेलिबल इंक" म्हणतात. इन्डेलिबल म्हणजे जे पुसता येत नाही ते. या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, ती कर्नाटकातल्या म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते आणि लोकसभा निवडणुकीत ती पहिल्यांदा १९६२ साली वापरली गेली. म्हणजे डिलीट आणि इन्डेलिबल ही एकाच मुळाची दोन टोकं: एक पुसायला सांगतं, दुसरं पुसूच देत नाही.

वाक्यात उपयोग

• प्लीज डिलीट धिस फोटो. – कृपया हा फोटो काढून टाक.
• आय डिलीटेड द मेसेज. – मी तो मेसेज काढून टाकला.
• शी इज डिलीटिंग ओल्ड फाइल्स. – ती जुन्या फाइल्स काढून टाकते आहे.
• माय अकाउंट वॉज डिलीटेड. – माझं खातं काढून टाकलं गेलं.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. डिलीट हा शब्द लिहिलेल्या, छापलेल्या किंवा साठवलेल्या गोष्टींसाठी वापरतात. मजकूर, फोटो, फाइल, नाव, सिनेमातला प्रसंग, हे सगळं डिलीट होतं. "चपला बाहेर काढ" याचं इंग्रजी करताना मात्र डिलीट चालणार नाही, तिथे रिमूव्ह लागतं. परीक्षेत किंवा मुलाखतीत ही चूक बरेच जण करतात.

डिलीटसारखे दिसणारे, पण वेगळे शब्द

फोनवर हे शब्द जवळजवळ सारखेच वाटतात, पण त्यांचं काम वेगवेगळं आहे.

रिमूव्ह: एखादी गोष्ट त्या जागेवरून काढणे. प्लेलिस्टमधून गाणं रिमूव्ह केलं तरी ते गाणं ॲपमध्ये असतंच. होम स्क्रीनवरून आयकॉन रिमूव्ह केला तरी ॲप फोनमध्ये राहतं.

अनइन्स्टॉल: फोनमधून ॲप काढणे. पण त्या ॲपवर उघडलेलं तुमचं खातं कंपनीकडे तसंच राहतं.

क्लिअर कॅश: ॲपने तात्पुरत्या साठवलेल्या फाइल्स साफ करणे. याने सहसा काही बिघडत नाही.

क्लिअर डेटा किंवा क्लिअर स्टोरेज: इथे सावध राहा. ॲप नव्याने टाकल्यासारखं कोरं होतं. लॉगिन जातं, सेटिंग जातात, आणि फक्त फोनमध्येच साठवलेलं काही असेल तर तेही जातं.

अर्काइव्ह: नजरेआड ठेवणे. चॅट अर्काइव्ह केली की यादीतून बाजूला जाते, पण पुसली जात नाही.

डिॲक्टिव्हेट: खातं काही काळ बंद ठेवणे. पुन्हा लॉगिन केलं की चालू.

फॉरमॅट: मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा करून नव्याने तयार करणे.

डिलीट दाबल्यावर आत नेमकं काय होतं?

हे समजायला सातबाऱ्याचं उदाहरण घेऊ. सातबाऱ्यावरून एखाद्याचं नाव कमी केलं म्हणून शेत कुठे जात नाही. माती तिथेच असते, उभं पीकही तिथेच असतं. फक्त कागदावर त्या माणसाचा हक्क राहत नाही. नवा मालक येऊन नांगर फिरवतो तेव्हा जुनं पीक जातं.

कॉम्प्युटरची हार्ड डिस्क किंवा मेमरी कार्ड साधारण असंच वागतं. फाइल डिलीट केली की आधी तिची नोंद काढली जाते आणि ती जागा "मोकळी" म्हणून दाखवली जाते. आतला डेटा तिथेच पडून असतो. त्यावर दुसरी फाइल लिहिली गेली की तो खरोखर जातो. म्हणून मेमरी कार्डवरून चुकून फोटो डिलीट झाले तर पहिलं काम एकच: त्या कार्डवर नवीन काहीही साठवू नका. कार्ड बाहेर काढून ठेवा. रिकव्हरी सॉफ्टवेअरने फोटो परत मिळण्याची शक्यता असते.

फोनच्या आतल्या स्टोरेजचं मात्र वेगळं आहे. आजच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे कुलूपबंद असतो. अँड्रॉइड १० सोबत बाजारात आलेल्या फोनना तर हे बंधनकारकच होतं. शिवाय फोन मोकळी झालेली जागा स्वतःहून साफ करत राहतो. त्यामुळे ट्रॅशमधूनही गेलेला फोटो परत आणून देतो असं सांगणाऱ्या ॲप्सवर फार विश्वास ठेवू नका. माझा व्हिडिओ गेल्यावर मी अशी तीन ॲप्स टाकून पाहिली. तिन्हींनी सगळ्या फाइल्स वाचायची परवानगी मागितली, भरपूर जाहिराती दाखवल्या आणि शेवटी फोनमध्ये आधीपासून असलेलेच फोटो "सापडले" म्हणून दाखवले. एकाने तर पैसेही मागितले. आजीचा व्हिडिओ कुणालाच सापडला नाही.

ट्रॅश किंवा बिन: पस्तावणाऱ्यांसाठी ठेवलेली मुदत

माणूस चुकतो हे ॲप बनवणाऱ्यांनाही माहीत आहे. म्हणून डिलीट केलेल्या वस्तू आधी टोपलीत जातात. कॉम्प्युटरवर विंडोज ९५ पासून रिसायकल बिन आहे. फोनवरच्या मुदती अशा:

• गूगल फोटोज: बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो. बॅकअप न झालेला, नव्या अँड्रॉइड फोनवर, ३० दिवस.
• आयफोनचं फोटोज ॲप: "रिसेंटली डिलीटेड" मध्ये ३० दिवस.
• जीमेल आणि गूगल ड्राइव्ह: ३० दिवस.
• इन्स्टाग्राम: पोस्ट आणि रील्स "रिसेंटली डिलीटेड" मध्ये ३० दिवसांपर्यंत.

ही मुदत संपली की वस्तू आपोआप कायमची जाते. कुणी फोन करून विचारत नाही. कॉम्प्युटरवर शिफ्ट आणि डिलीट ही दोन बटणं एकत्र दाबली तर फाइल रिसायकल बिनमध्ये जातच नाही. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेल्या फाइल्सचंही सहसा असंच होतं.

माझी चूक नेमकी कुठे झाली?

फोन आणि ऑनलाइन बॅकअप एकमेकांशी सिंक असतात, म्हणजे एकीकडे जे कराल ते दुसरीकडेही होतं. बॅकअप ही बँकेतली वेगळी तिजोरी आहे असं मी समजत होतो. खरं तर तो आरसा होता. अशा ॲपमध्ये साधं डिलीट म्हणजे "सगळीकडून काढ".

फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर गूगल फोटोजमध्ये त्यासाठी वेगळे पर्याय आहेत: "फ्री अप स्पेस" आणि "डिलीट फ्रॉम डिव्हाइस". यात बॅकअप झालेल्या फोटोची फोनमधली प्रत जाते, ऑनलाइन प्रत राहते. आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू असेल तर एका ठिकाणी डिलीट केलेला फोटो तुमच्या सगळ्या उपकरणांवरून जातो, हेही लक्षात ठेवा.

व्हॉट्सॲपमध्ये डिलीट

इथे दोन पर्याय येतात.

डिलीट फॉर मी: मेसेज फक्त तुमच्या फोनवरून जातो. समोरच्याला तो दिसतच राहतो. घाईत चुकून हाच पर्याय दाबला गेला तर काही सेकंद "अनडू" दिसतं. ते लगेच दाबा.

डिलीट फॉर एव्हरीवन: मेसेज दोन्हीकडून जातो आणि त्या जागी मेसेज डिलीट केल्याची ओळ दिसते. २०१७ मध्ये ही सोय आली तेव्हा त्यासाठी फक्त ७ मिनिटं मिळायची. आता पाठवल्यापासून साधारण दोन दिवसांपर्यंत मिळतात.

पण "एव्हरीवन" म्हटलं म्हणून निश्चिंत होऊ नका. तोवर समोरच्याने मेसेज वाचलेला असू शकतो, स्क्रीनशॉट काढलेला असू शकतो. अँड्रॉइड ११ पासून फोनमध्ये नोटिफिकेशन हिस्ट्री नावाची सोय आहे. ती चालू असेल तर डिलीट केलेल्या मेसेजची सूचना तिथे दिसू शकते. आयफोनवाल्याच्या गॅलरीत फोटो आपोआप सेव्ह झाला असेल तर तोही तिथे राहतो. एखादा फोटो पाठवण्याआधी "हा परत घेता येईल" हा विचार मनातून काढूनच टाका.

ॲप काढलं म्हणजे खातं गेलं का?

नाही. हा सगळ्यात जास्त पैसे घालवणारा गैरसमज आहे. ॲप अनइन्स्टॉल केल्याने गूगल प्लेवरचं सबस्क्रिप्शन बंद होत नाही. यूपीआय ऑटोपेला दिलेली परवानगीही रद्द होत नाही. त्यासाठी गूगल प्लेच्या सबस्क्रिप्शन यादीत किंवा यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन वेगळं रद्द करावं लागतं. आधी सबस्क्रिप्शन रद्द करा, मग खातं डिलीट करा, आणि सगळ्यात शेवटी ॲप काढा.

खातं डिलीट करतानाही मुदत असते. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर विनंती केल्यावर ३० दिवस मिळतात. त्या काळात पुन्हा लॉगिन करून विनंती मागे घेता येते. आपली वैयक्तिक माहिती पुसून टाका असं कंपनीला सांगण्याचा हक्क भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही दिलेला आहे.

जुना फोन विकताय?

फोटो एकेक करून डिलीट करत बसू नका, ते पुरेसंही नाही. आधी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर उघडून पाहा. मग फोनमधलं गूगल खातं काढा, सिम आणि मेमरी कार्ड काढा आणि शेवटी फॅक्टरी रीसेट करा. रीसेटमध्ये त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते, म्हणून आतला डेटा कुणाला वाचता येत नाही. खातं आधी काढलं नाही तर नव्या मालकाला फोन सुरू करताना तुमचाच पासवर्ड मागितला जातो.

कॉम्प्युटर शिकणाऱ्यांसाठी थोडंसं

डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतही डिलीट ही आज्ञा आहे. डिलीट तक्त्यातल्या निवडक ओळी काढते, ट्रंकेट सगळ्या ओळी काढते आणि ड्रॉप तर तक्ताच काढून टाकते. डिलीट लिहिताना "वेअर" ही अट विसरलात तर सगळ्याच ओळी जातात. शिकाऊ मुलांच्या हातून ही चूक हमखास होते.

आणि मोठमोठ्यांच्या हातूनही होते. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत "टॉय स्टोरी २" चं काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेमुळे सिनेमाचा बराचसा भाग सर्व्हरवरून डिलीट झाला. बॅकअप तपासला तर तोही नीट चालत नव्हता. सिनेमा वाचला तो गेलिन सुसमन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. एवढ्या मोठ्या कंपनीलाही शेवटी कुणाच्या तरी घरातली प्रतच उपयोगी पडली.

काय डिलीट करू नये?

कुणी तुम्हाला धमकीचे, घाणेरडे किंवा फसवणुकीचे मेसेज पाठवले तर रागाने किंवा लाजेने ते डिलीट करू नका. तोच तुमचा पुरावा असतो. स्क्रीनशॉट काढा, नंबर आणि व्यवहाराचा तपशील जपून ठेवा, मग ब्लॉक करा. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

डिलीट दाबण्याआधी चार प्रश्न

१. कुठून जाणार? फक्त फोनमधून, की बॅकअपमधूनही?
२. कोणासाठी जाणार? फक्त माझ्यासाठी, की सगळ्यांसाठी?
३. परत आणायला किती दिवस आहेत?
४. याची दुसरी प्रत कुठे आहे, आणि ती मी स्वतः उघडून पाहिली आहे का?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "असेल कुठेतरी" हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. पुन्हा कधीच काढता येणार नाहीत असे जे फोटो आणि व्हिडिओ असतील, ते सिंक नसलेल्या ठिकाणी, म्हणजे पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर, वेगळे ठेवा. घरातल्या आणखी एखाद्या माणसालाही पाठवून ठेवा.

त्या तीस सेकंदांच्या तुकड्याच्या मी आता पाच प्रती केल्या आहेत. एक पेनड्राइव्हवर, एक काकूकडे, एक आतेबहिणीकडे, बाकी दोन माझ्याकडे. उडदाच्या डाळीच्या पुढचं प्रमाण काकू आठवून आठवून सांगते. मेतकूट बरं होतं, पण आजीसारखं नाही होत.

तर मित्रांनो, डिलीट म्हणजे काय हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. लेख उपयोगी वाटला तर ज्याच्या फोनचं स्टोरेज कायम भरलेलं असतं, त्या मित्राला नक्की पाठवा. आणि आज वेळ काढून तुमच्या फोनमधली ट्रॅश एकदा उघडून पाहा. त्यात काही चुकून गेलेलं असेल, तर अजून मुदत असेपर्यंत बाहेर काढा.